रेखाटलेली राजकन्या

मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात, आणि त्या कोणी सांगाव्यात, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथात नगरराज्याच्या भावी रक्षकांच्या शिक्षणाचा विचार आरंभिला, तो व्यायामशाळेपासून नव्हे. आया आणि दाया मुलांना ज्या गोष्टी सांगतात त्यांच्यापासून. कोवळ्या वयात मनावर उमटलेला ठसा सहसा पुसला जात नाही, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि म्हणून गोष्टी रचणाऱ्यांवर राज्याची देखरेख असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्ष आपणांस पटण्यासारखा नाही. राज्याच्या देखरेखीचे स्वरूप आपण सरकारी माणसे जितके जवळून जाणतो, तितके प्लेटोलाही ठाऊक नसावे. परंतु त्याचा निष्कर्ष नाकारताना त्याचा प्रश्नही आपण दप्तरी दाखल करून टाकला आहे. गोष्टी सांगण्याचे काम आज घरोघरी एक पडदा करीत असतो, आणि त्या पडद्यावर बहुधा कार्टून चालू असते.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ही गोष्ट विशेष लागू पडते. आजी साताऱ्याला, नातवंडे दिल्लीच्या वसाहतीत. शेजारी पंजाबी, शाळा इंग्रजी आणि कार्टून हिंदीत. गावाकडच्या मुलाला पडद्यावरच्या गोष्टीबरोबर ओसरीवरची एखादी दुसरी गोष्टही ऐकावयास मिळते, आणि दोन गोष्टी कानांवर पडल्या की त्यांची तुलना आपोआप होते. आमच्या मुलांना बहुधा एकच गोष्ट ऐकावयास मिळते. त्या गोष्टीत मुलगा काय करतो आणि मुलगी काय करते, हे पाहण्याची जबाबदारी म्हणूनच आपणांवर अधिक आहे.

रेखाटलेल्या चित्रपटाविषयी एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रपटात कितीतरी गोष्टी योगायोगाने येतात. बाजाराचे दृश्य घेताना जी माणसे तेथे असतात ती चित्रात उतरतात. गर्दीत बायका कमी दिसल्या तर 'त्या वेळी तेथे तितक्याच होत्या' असे दिग्दर्शकाला म्हणता येते. पेन्सिलीला ही सबब नाही. कागद कोरा असतो. त्यावर जे जे उमटते ते कोणीतरी उमटवावे असे ठरविले म्हणून उमटते. गर्दीतील प्रत्येक डोके, खिडकीतून डोकावणारी प्रत्येक आकृती, फार काय झाडावरची खारसुद्धा, कोणाच्या तरी हातून आणि कोणाच्या तरी संमतीने तेथे आलेली असते. असे असूनही जीना डेव्हिस या अभिनेत्रीने 2004 साली स्थापन केलेल्या संस्थेच्या अभ्यासांत असे आढळून आले, की कुटुंबासाठी म्हणून काढलेल्या अमेरिकी चित्रपटांत एका बोलत्या स्त्री-पात्रामागे सुमारे तीन पुरुष-पात्रे असत. कॅमेऱ्याच्या चित्रपटांचे सोडून देऊ. ज्यांनी कोऱ्या कागदापासून आरंभ केला, त्यांनीही जग असेच भरावे, याला कारण काय?

मला वाटते, याला दुष्टबुद्धी कारण नाही. याचे कारण आपल्याच कचेरीत सापडते. 1897 च्या 'जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट'मधील तेराव्या कलमाने ठरवून दिले आहे, की केंद्रीय कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत, विषयाला वा संदर्भाला बाध येत नसेल तर, स्त्रियांचाही समावेश समजावा. कायद्याच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ शाई वाचली असेल यात शंका नाही. चित्रकाराची पेन्सिल नकळत याच कलमाने चालते. उंदीर काढावयाचा म्हणजे तो नर. उंदरीण काढावयाची असेल तर त्याच उंदराला लांब पापण्या, केसांत फीत आणि पायांत उंच टाचेचे बूट चढवावयाचे. 1928 सालच्या मिकी आणि मिनी या जोडीत दुसरा भेद शोधून सापडत नाही. नर म्हणजे नुसता उंदीर, आणि मादी म्हणजे उंदीर अधिक काहीतरी. नराकडे शौर्य, मूर्खपणा, लोभ, विनोद असे स्वभाव वाटून दिले जातात. मादीचा मादी असणे हाच स्वभाव ठरतो.

हे कलम इतके खोल रुजलेले आहे, की त्यापुढे निसर्गानेही माघार घेतली आहे. 1994 च्या 'लायन किंग'मध्ये राजपुत्र परतेपर्यंत सिंहिणी हतबल असतात. प्रत्यक्षात सिंहांच्या कळपाचा कणा म्हणजे परस्परांच्या नात्यातल्या माद्या. नर बाहेरून येतात, काही काळ राहतात आणि हुसकले जातात. 2007 च्या 'बी मूव्ही'त मध गोळा करणारे शूर वीर पुरुष दाखविले आहेत. वास्तविक पोळ्याबाहेर जाऊन मकरंद आणणाऱ्या सर्व मधमाश्या माद्याच असतात. 2003 च्या 'फाइंडिंग नेमो'तील मासा ज्या जातीचा आहे, त्या जातीत जोडीतील मादी मेली की नराचे रूपांतर मादीत होते. चित्रपटातील बापावर ही आपत्ती आली नाही. आणि 2006 च्या 'बार्नयार्ड' नावाच्या एका चित्रपटात तर गोठ्यातील नायक पुरुष असूनही त्याला कास दाखविली आहे! आमच्याकडे गुराख्याचे पोरही यावर पोट धरून हसेल. मुलांना प्राणिशास्त्र शिकविणे हा या चित्रपटांचा हेतू नव्हता, हे मान्य. पण ज्यांना सिंह बोलताना आणि मासे रडताना दाखविण्यात कोणतीही अडचण वाटली नाही, त्यांना मधमाशी बाई असणे तेवढे अवघड वाटले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. राजकन्यांच्या कथा मुळातच जुन्या. त्या काळची स्त्री जशी होती तशी ती त्यांत आली. चित्रपटवाल्यांनी केवळ जुनी पोथी पडद्यावर वाचून दाखविली. हा आक्षेप वजनदार भासतो, परंतु पोथी उघडून पाहिली की तो टिकत नाही. ग्रिम बंधूंच्या मूळ कथेत स्नो व्हाइट सात बुटक्यांच्या घरात शिरते, तेव्हा ते घर लहान पण अत्यंत स्वच्छ व नीटनेटके असते. सात पानांची मांडणी तयार असते. घरकामाची अट पुढे ते बुटके घालतात. 1937 साली डिस्ने यांनी या कथेवर आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला, त्यात हे घर धुळीने माखलेले आहे, भांडी विटाळलेली पडली आहेत, कोळिष्टके लोंबत आहेत; आणि कोणी न सांगताच ती राजकन्या झाडू हाती घेते. पुढे राहू देण्याच्या बदल्यात स्वयंपाकपाणी करण्याचे ती आपण होऊन कबूल करते. म्हणजे जर्मन खेड्यातील जुन्या कथेने जे घर स्वच्छ ठेवले होते, ते विसाव्या शतकातील अमेरिकेने नायिकेला झाडता यावे म्हणून मुद्दाम घाण केले. तीच गोष्ट जलपरीची. अँडरसनच्या 1837 च्या कथेतील जलपरीला राजपुत्राबरोबरच अमर आत्मा हवा होता. तिची तळमळ अर्धी पारमार्थिक होती. 1989 च्या चित्रपटात आत्मा गळाला आणि राजपुत्र उरला. आवाज गहाण टाकण्याचा प्रसंग मात्र कायम राहिला. तेव्हा परंपरेवर ठपका ठेवताना आपण जरा जपून असावे. परंपरेच्या नावावर पुष्कळ वेळा आपला आजचा माल खपविला जातो.

हा माल कोणी तयार केला, हेही पाहण्यासारखे आहे. 1938 साली त्याच संस्थेने एका अर्जदार स्त्रीला पाठविलेले नकाराचे पत्र पुढे प्रसिद्ध झाले. चित्रपटासाठी चित्रे रचण्याचे सर्जक काम केवळ तरुण पुरुष करतात. स्त्रियांसाठी असलेले काम म्हणजे पारदर्शक पट्टीवर शाईने चित्र गिरविणे आणि मागील बाजूने त्यात रंग भरणे, असा त्याचा आशय होता. नकाराची पत्रे मीही पुष्कळ टंकलिखित केली आहेत. त्यांत कारण सहसा इतके स्पष्ट दिलेले नसते. स्नो व्हाइटच्या ओठांचा तांबडा रंग बायकांनी भरला, पण ते ओठ कोणते शब्द बोलतील हे बहुतांशी पुरुषांनी ठरविले. 1942 च्या 'बॅम्बी'त सचेतनकार म्हणून रेटा स्कॉट यांचे नाव झळकले, तेव्हा तो मान तेथील स्त्रीला प्रथमच मिळत होता. त्यांच्या वाट्याला आलेले काम होते शिकारी कुत्र्यांचे. ते भयंकर कुत्रे ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी बायकी हाताविषयी बोलू नये.

पुरुषाने रचलेली स्त्री आणि तिचे अनुकरण करणाऱ्या स्त्रिया हा प्रकार आपणां मराठी माणसांस नवा नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर जी स्त्री उभी केली, तिचे लुगडे नेसणे, तिची वेणी, तिचे दागिने महाराष्ट्रातील खानदानी घरांतील बायकांनी उचलले. स्त्रीने स्त्री कसे व्हावे, याचा धडा एका पुरुषाकडून घेतला गेला, आणि त्यात कोणालाही विपरीत वाटले नाही. बालगंधर्वांची कला थोर होती. तिच्याविषयी येथे एक अक्षरही उणे लिहावयाचे नाही. परंतु स्त्रीत्व म्हणून ज्या गोष्टीकडे आपण नैसर्गिक म्हणून पाहतो, ती शिकता येते, शिकविता येते आणि पुरुषालाही हुबेहूब वठविता येते, याचा याहून चांगला पुरावा सिमोन द बोव्हार यांनाही मिळाला नसता. 1949 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी स्त्री ही घडत जाते असे प्रतिपादन केले आणि त्या घडणीत निजलेल्या, वाट पाहणाऱ्या राजकन्यांच्या कथांचाही हिशेब मांडला. आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी तो हिशेब 1882 सालीच मागितला होता.

आता मोजदादीकडे वळू. कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहावर या दोन भाषाशास्त्रज्ञांनी राजकन्यांच्या चित्रपटांतील संवादांचे शब्द मोजले आणि 2016 साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. 1937 च्या 'स्नो व्हाइट'मध्ये स्त्री-पुरुषांचे शब्द जवळजवळ निम्मे निम्मे. 1950 च्या 'सिंड्रेला'त स्त्रियांचे सुमारे 60 टक्के, आणि 1959 च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त 71 टक्के. पुढे काळ सुधारला, नायिका बंडखोर झाल्या, आणि आकडे उलटले! 1989 च्या 'लिटिल मर्मेड'मध्ये पुरुषांचे शब्द 68 टक्के, 1991 च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये 71, 1992 च्या 'अलादीन'मध्ये 90. 1998 ची मुलान तलवार घेऊन देश वाचविते, पण त्या चित्रपटातही 77 टक्के शब्द पुरुषांच्या तोंडी आहेत. याचे मर्म असे, की नायिका एकटी सुधारली. तिच्या भोवतालचे जग तेराव्या कलमानेच भरले गेले. दुकानदार, शिपाई, विदूषक, बोलणारी किटली सोडली तर बोलणारे घड्याळ आणि मेणबत्ती, सारे पुरुष. शूर मुलगी दाखविणे सोपे आहे. बोलणाऱ्या पाच सामान्य बायका दाखविणे कठीण जाते.

तथापि आकड्यांवर मी सर्व भार टाकू इच्छीत नाही. 'स्लीपिंग ब्यूटी'त बायका अधिक बोलतात हे खरे, पण ज्या राजकन्येच्या नावाने चित्रपट आहे ती बहुतेक वेळ गप्प आहे किंवा निजलेली आहे. बोलतात त्या पऱ्या आणि चेटकीण. शब्द मोजून न्याय मोजता येत नाही.

आणि मुलांचे काय? चित्रात दिसले ते मुलाच्या मनात जसेच्या तसे उतरते असे गृहीत धरून आपण मुलांचा अपमान करीत असतो. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील सारा कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या 198 मुलांचा अभ्यास करून 2016 साली असे दाखविले, की ज्यांना राजकन्यांचे वेड अधिक होते ती मुले वर्षभराने अधिक 'बायकी' समजले जाणारे खेळ व वागणूक पसंत करीत होती. मुलीही आणि मुलगेही. वर्तमानपत्रांनी धोक्याची घंटा वाजविली. परंतु 2021 साली त्याच संशोधकांनी काही वर्षांनंतरचा पुढील भाग प्रसिद्ध केला, त्यात लहानपणी राजकन्यांत रमलेली मुले पुढे मर्दानगीच्या आक्रमक कल्पनांना कमी चिकटलेली आढळली. मला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. राजकन्या रडते, गाते, दुसऱ्यावर माया करते. ते पाहणाऱ्या मुलग्याला निदान एवढे तरी कळत असावे, की या गोष्टी माणसाने करावयाच्या असतात. बोधाचा मार्ग सरळ नसतो, आणि आपण ज्याला विष समजतो त्यात थोडे औषधही असू शकते. म्हणून बंदीची भाषा मला नापसंत आहे. 2008 साली आपल्याकडे 'शिनचान' या जपानी मालिकेवर बंदी आली होती. मालिका पुन्हा आली, आणि तो द्वाड मुलगा आज पूर्वीसारखाच घरोघरी आहे.

परदेशी राजकन्यांपेक्षा आपल्या घरातील मुलांना खरी ओळख आहे ती ढोलकपूरची. हैदराबाद येथील राजीव चिलका यांच्या संस्थेचा 'छोटा भीम' 2008 साली आला. भीम, राजू, कालिया, ढोलू, भोलू, जग्गू नावाचे माकड आणि चुटकी. सातांत मुलगी एक. ती भित्री नाही, भीमाबरोबर संकटात उतरते. तिच्या आईच्या लाडवांवर भीमाचे बळ उभे आहे. माझी सात वर्षांची मुलगी एका रविवारी हे पाहता पाहता म्हणाली, "बाबा, लाडू चुटकीच्या घरचे, मग चुटकी का नाही खात?" मी म्हणालो, "खात असेल, दाखवीत नसतील." त्यावर ती म्हणाली, "मग दाखवायला काय झालं?" प्रश्न पेन्सिलीलाच विचारलेला होता, आणि त्याचे उत्तर मजपाशी नव्हते. अन्न ज्या घरी रांधले जाते त्या घरच्या मुलीच्या अंगी त्या अन्नाचे बळ का येत नाही, हा प्रश्न केवळ ढोलकपूरचा नव्हे, हे वाचकांस सांगावयास नको.

याच चुटकीच्या संबंधाने 2020 साली एक मौज झाली. भीमाने तिला सोडून राजकन्या इंदुमतीशी विवाह केला अशी वार्ता पसरली, आणि चुटकीला न्याय मिळावा म्हणून देशभर कोलाहल माजला. शेवटी निर्मात्यांना जाहीर करावे लागले, की ही सर्व पात्रे अजून लहान मुले आहेत, त्यांचे लग्न झालेले नाही. चुटकीला लाडू मिळावा म्हणून कोणी ओरडले नाही. तिला नवरा मिळावा म्हणून मात्र ओरडले, आणि ओरडणारे लहान मुले नव्हते.

पेन्सिल दुसऱ्या रीतीनेही चालू शकते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. 1956 साली डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ मुंबईस फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकविण्यास आले. त्यांच्या हाताखाली जे तरुण शिकले त्यांत राम मोहन हे एक. 1990 नंतरच्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियासाठी 'मीना' ही मालिका काढली, तिच्या घडणीत राम मोहन यांचा मोठा वाटा होता. मीना शाळेत जात नाही. तिचा पोपट मिठू शाळेत जाऊन पाढे ऐकून येतो आणि ती त्याच्याकडून शिकते. एका भागात भाऊ राजूला आंब्याचा मोठा वाटा मिळतो म्हणून दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि संध्याकाळी राजूची जी दशा होते ती पाहून पाहणारा मुलगाही ओशाळतो. ज्या शाळेत राजकन्येला झाडू देण्यात आला, त्याच शाळेच्या शिष्याच्या शिष्याने तो झाडू राजूच्या हाती दिला! आणि त्याही आधी, 1974 साली, 'एक, अनेक और एकता' हा छोटा चित्रपट निघाला. तो काढणाऱ्या विजया मुळ्ये या मुंबईत जन्मलेल्या आणि आपल्यासारख्याच केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या बाई. त्यात एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय, हे समजावून सांगणारी ताई आहे. ज्ञान मुलीपाशी आहे आणि इतर मुले तिला विचारीत आहेत. चित्रपटात त्याचा कोठे गवगवा नाही. दूरदर्शनवर तो पाहून वाढलेल्या आमच्या पिढीला त्यात काही निराळे आहे असे वाटलेही नाही. मला ही रीत 'मीना'हूनही अधिक भावते.

येथे कोणी विचारील, की 'मीना' हाही प्रचारच नव्हे काय? मुलाच्या मनावर नकळत संस्कार करणे वाईट असेल, तर चांगले संस्कार नकळत करणे तरी योग्य कसे? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की संस्कारावाचून मूल वाढत नाही. तेव्हा संस्कार करावा की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. भेद इतकाच, की 'मीना' आपला हेतू लपवीत नाही. आंबा दोघांत कसा वाटावा, हे ती उघडपणे वादाचे करते, आणि जे वादाचे झाले ते मूल नाकारूही शकते. झाडू घेतलेली स्नो व्हाइट काहीच वादाचे करीत नाही; ती गात गात झाडते. नाकारण्यासारखे तेथे काही आहे, हेच मुलाला दिसत नाही. नैतिक दृष्ट्या आक्षेपार्ह गोष्ट ती आहे. म्हणून मूल पडद्यासमोर बसले असता तो बंद करण्यापेक्षा 'हे असे कोणी काढले?' असा एखादा प्रश्न शेजारी बसून विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्यासाठी शेजारी बसावयास मात्र हवे.

आणि शेजारी कोणी बसावयाचे, तेथे आपली नियमावली आडवी येते. माझी पत्नीही केंद्र सरकारच्याच सेवेत आहे. मुलांच्या संगोपनासाठी तिला सबंध नोकरीत 730 दिवसांची रजा मिळू शकते. 2008 सालापासून ही सोय आहे आणि ती चांगली आहे. 2018 साली ती पुरुषांनाही लागू झाली, परंतु एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पुरुषांना. पत्नी हयात असलेल्या आणि तिच्यासह नांदणाऱ्या बापाला अपत्यजन्माच्या वेळी 15 दिवस, आणि पुढे संगोपनाच्या नावाने काही नाही. मूल तापाने फणफणले की रजेचा अर्ज कोणाचा जाणार, हे आमच्या घरी चर्चेवाचून ठरलेले असते, आणि ते मूल अंथरुणातून पाहत असते. ढोलकपूरचे चित्र कोण काढतो हे त्याला कदाचित कधी कळणार नाही. हे दुसरे चित्र आमच्याच खात्यांत, आमच्यासारख्यांच्याच टिपणीवरून तयार होते, आणि त्यात दुरुस्ती सुचविणारी टिपणी लिहिण्याची मुभाही आम्हांलाच आहे.